खो-खोचा खांब

आमच्या शाळेला पटांगण नव्हतं. लालबागच्या एका चाळीच्या दोन मजल्यांवर शाळा भरायची. शारीरिक शिक्षणाच्या तासाला बाई आम्हा मुलींना रांगेने समोरच्या चाळीच्या चौकात आणायच्या. ती चाळ आमचीच. तिथे खो-खोचे दोन खांब पुरलेले होते. आम्ही मुलींनीच ते काचेने तासून, तेल चोळून इतके गुळगुळीत केले होते की हाताला कुसळ लागायचं नाही.

मी सातवीत होते आणि खांबावरची म्हणून माझं नाव होतं. पाठलाग करताना एका हाताने खांब धरायचा, सगळं अंग बाहेर झोकून द्यायचं आणि पलीकडून निसटणारीला गाठायचं. अभ्यासात मी यथातथाच. मला येत होतं ते एवढंच, आणि महिन्याभरावर आलेल्या आंतरशालेय सामन्यात ते परळ-दादरच्या साऱ्या शाळांना दाखवायचं होतं.

एके दिवशी तासाला उतरलो तर एक खांब जागेवर नाही, नुसता खड्डा. संयुक्त महाराष्ट्राची सभा आमच्या चौकात ठरली होती आणि व्यासपीठाला भक्कम खांब हवा होता. तो उपटला होता माझ्या वडिलांनी. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, पण चाळीत मांडव घालायचा म्हटलं की पहिली पहार त्यांच्याच हातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? तरी मी बोलले. ते शांतपणे म्हणाले, "खांब खंय पळान जाता? सभा झाली की परत पुरूया."

एक सभा झाली, तिच्यामागून दुसरी ठरली. मग सारखी काढघाल कशाला म्हणून व्यासपीठ तसंच राहिलं. मला भयंकर राग यायचा आणि तो काढायला जागा नव्हती. मुंबई आपल्याला मिळावी असं मलाही वाटत होतंच. घोषणा द्यायला मी सगळ्यांत पुढे असायचे. ज्या गोष्टीसाठी शेजारपाजारची माणसं तुरुंगात गेली, तिच्यापुढे मुलींच्या खेळाचं रडगाणं कोण गाणार? बाईसुद्धा थोडी कळ काढ म्हणाल्या. तोवर खांबाच्या जागी त्यांनी वर्गातल्या एका जाड मुलीला उभं केलं. तिला धरून अंग झोकलं की आम्ही दोघी धुळीत. दोनदा ढोपरं फुटली, तेव्हापासून मी झोकून द्यायचंच सोडलं.

सामन्यात खांब होते, चांगले पक्के. शेवटच्या डावात आणखी एक गडी बाद केला असता तर आम्ही जिंकलो असतो. समोरची खांबापलीकडून निसटली. मी खांब धरला, पण तो आपलं वजन पेलेल असा भरवसाच वाटेना. चार बोटं कमी पडली. घरी येऊन मी जेवले नाही. वडिलांनी कारण विचारलं, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. त्यांना पताका बांधायच्या होत्या. पुढच्या वर्षापासून त्या तासाला बाई आम्हाला रुमालाला टीप घालायला शिकवू लागल्या.

काही वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं, त्या सकाळी वडील चाळभर पेढे वाटत होते. त्यांचे डोळे पाण्याने भरलेले होते. मलाही गलबलून आलं होतं, तरी पेढा हातात घेता घेता मी विचारलंच, "बाबा, आता खांब परत पुरायचा ना?"

त्यांनी वर पाहिलं. खांब रंगवलेला होता आणि त्याच्या टोकाला झेंडा होता.

"आता कसो काढूचो, बाय?" ते म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

पेढा गोड होता, त्याचाही मला राग आला. माझी धाकटी बहीण जूनमध्ये सातवीत जाणार होती. ती त्या खांबाखाली उभी राहून झेंड्याला नमस्कार करत होती. तो खांब खेळायचा आहे, हे तिला माहीतच नव्हतं.