उसवलेल्या कुंच्या

ती घटना आजही आठवते. मात्र दप्तरात मी जशी लिहिली तशी नव्हे. संस्थान विलीन झालं, मी मुदतीआधीच नोकरी सोडली, त्यालाही आता काही वर्षं झाली. खरं लिहायला आणखी उशीर नको.

लढाई नुकती संपली होती. मी भोरला फौजदार होतो. बाजाराच्या दिवशी सकाळी खबऱ्या आला. पासलीच्या एका म्हातारीनं घरोघर फिरून तान्ह्या मुलांचे कपडे गोळा केलेत, ते आज बोटीसाठी मुंबईला निघालेत आणि प्रत्येक कुंचीच्या टोकाला काहीतरी कडक शिवलंय, अशी त्याची खबर होती.

"अफूच असनार, साहेब."

म्हातारीला मोटारअड्ड्यावरून तीन गाठोड्यांसकट चौकीत आणलं. दोन पंच बोलावले आणि जबाब सुरू केला.

"कुठं चाललंय हे?"

"शिलोनला. दर्याच्या पल्याड. माझी लेक तितं डाक्तरबाईंच्या हाताखाली सुईन हाय."

"तिथल्या मुलांना इथली जुनेरं कशाला?"

"तान्ह्याला नवं कापड कोन घालतंय, साहेब? जुनं लुगडं मऊ आसतंय." तिनं कनवटीची चिठ्ठी पुढं केली. "आदी ह्ये वाचा."

"नंतर," मी म्हणालो.

पहिली कुंची मी स्वतः उसवली. हिरव्या खणाची होती. टोकातून एक वाळकं मूळ पडलं. हवालदारानं ते नाकाला लावलं आणि हसलाच. "ह्ये येखंड, साहेब! चार पोरांचा बाप हाय म्या. सर्दी हुऊ नाई म्हून शिवत्यात."

पंचही हसले. मला चौकशी तिथंच थांबवता आली असती. मी म्हणालो, "बाकीच्याही उसवा. खात्री झाली पाहिजे."

दप्तरात मी लिहिलं, 'पंचांसमक्ष उसवणे आवश्यक ठरले.' आवश्यक काहीही नव्हतं. अशीच एक कुंची माझ्या घरी ट्रंकेच्या तळाशी होती. आमचं मूल आदल्या वर्षी बाराव्या दिवसाआधीच गेलं होतं. टेबलावरचा तो ढीग मला बघवत नव्हता, आणि चौकीत मी रडू शकत नव्हतो. म्हणून चाकू चालवला.

म्हातारी एवढंच म्हणाली, "उसवा. पन येखंड फेकू नगा."

सगळं उसवून झाल्यावर चिठ्ठी वाचली. डॉक्टरबाईंचं अक्षर होतं. चहाचे मळे बंद पडलेत. डोंगरात थंडी आहे आणि लेकरांना गुंडाळायला आयांजवळ फडकंसुद्धा नाही. म्हणून आया मुलं तिथल्या अनाथाश्रमात ठेवून जाताहेत. ठरल्या मुदतीत परत नेली नाहीत, तर ती दुसऱ्यांना दत्तक जातील. कपडे आले तर आया आपली मुलं घरी नेतील. ही बोट चुकवू नका.

मुंबईची लॉरी चार वाजता सुटणार होती. घड्याळात बाराचा सुमार झाला होता.

"आजी," मी चाकू खाली ठेवत म्हणालो.

"सुया लागत्याल," ती म्हणाली आणि उठून बाहेर पडली.

तासाभरात चौकीचा ओटा बायकांनी भरला. ब्राह्मणआळीतल्या आल्या, भोंगवलीहून बाजाराला आलेल्या बायका पाट्या बाजूला ठेवून बसल्या. हवालदार सुयांत दोरा ओवत होता.

"टाकं नीट घाला गं," एकजण म्हणाली, "न्हाईतर सरकार पुन्यांदा उसवायचं!"

सगळ्या हसल्या. मी कागदांत डोकं घातलं.

मग माझी बायको आली. मी निरोप धाडला नव्हता. तिच्या हातात ट्रंकेतली कुंची होती. माझ्याकडे न बघता तिनं ती म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं टोक चाचपून विचारलं, "येखंड न्हाई घातलं?"

"घालायचं राहिलं," बायको म्हणाली.

म्हातारीनं एक तुकडा निवडून तिच्या हातात दिला. बायकोनं तो स्वतः शिवला.

लॉरी थोडा वेळ थांबवून धरली आणि मुंबईपर्यंत मी गाठोड्यांबरोबर गेलो. बोट मिळाली.

काही महिन्यांनी म्हातारी पासलीहून चालत आली, लेकीचं पत्र वाचून घ्यायला. आया आश्रमाच्या दारात येत होत्या, आपापलं मूल दुपट्यात गुंडाळून नेत होत्या, असं लेकीनं कळवलं होतं. सगळ्यांना पुरलं नव्हतं, आणखी पाठवा म्हणत होती.

मी पत्राची घडी घातली. "आजी, मला पहिल्याच कुंचीला कळलं होतं."

"ठावं हाय मला. उसवताना तुमी कुंच्यांकडं बगत नव्हता." ती पदर सावरून उठली. "म्हून तर सुया आनाया गेले, भांडाया न्हाई. आता दुसरी गाठोडी कवा न्यायची, त्ये बोला."

उरलेल्या नोकरीत, समोरच्यानं पुढं केलेला कागद वाचल्याशिवाय मी मुद्देमालाला हात लावला नाही. एवढं मी त्या चौकशीत शिकलो. आणि दुसऱ्या खेपेची गाठोडी आमच्याच घरी बांधली. वेखंड बायकोनं निवडलं, सुयांत दोरा मी ओवला.