दोन गाणी, एक नाव

आमच्या आत्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि देशात कुठलं गाणं पहिलं हे मात्र तिच्या टेबलावर ठरायचं.

तिच्या कचेरीतून दर आठवड्याला सगळ्यात जास्त खपलेल्या तीस गाण्यांची यादी निघे. सोमवारी देशभरातली साठ दुकानं फोन करत आणि कुठल्या गाण्याच्या किती रेकॉर्ड विकल्या ते सांगत. आत्या लिहून घेई. बोलणं तुटक. "'सांगून जा', चाळीस. बरं, पुढचं?" एका फोनला तीन मिनिटं, वर एक सेकंद नाही. कचेरीत तिला 'टाइपरायटर' म्हणत आणि तिला ते भूषण वाटे. भूषण कसलं, चांगली घमेंड होती ती. मी तिची लाडकी भाची, म्हणून एवढं बोलते.

'सांगून जा' हे त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं, एका बड्या गायकाचं. नोव्हेंबरात एक म्हातारे दुकानदार फोनवर म्हणाले, "बाई, त्या नव्या मुलीचं 'सांगून जा' यादीत का नाही हो? माझ्याकडे तर तेच संपतंय."

"कुठली मुलगी?" आत्याने विचारलं.

एकाच नावाची दोन गाणी होती. दुसरं जूनमध्ये आलेलं. दुकानदार नुसतं गाण्याचं नाव सांगत, आणि "कोणाचं?" एवढं विचारायला आमच्या टाइपरायटरला सवड नव्हती. पाच महिने त्या मुलीचा खप गायकाच्या नावावर चढत होता.

आत्याने जेवणाच्या सुट्टीत साठही दुकानांना पुन्हा फोन लावले. तीन आठवडे ती धड जेवली नाही. शेवटी उलगडा झाला तो असा, की गायकाचा पहिला नंबर कायम राहत होता, पण वर्षअखेरीस निघणाऱ्या यादीत मुलगी चौथी येत होती. छापायला निघालेल्या यादीत तिचं नावच नव्हतं.

साहेब म्हणाले, "कोणाला कळलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, साहेब. मी उघडणार."

"मग तुम्हाला फोनवर ठेवता यायचं नाही."

"नका ठेवू."

यादी सुधारून छापली गेली आणि आत्याची रवानगी जुन्या कागदांच्या खोलीत झाली. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. मला त्या साहेबांचा अजून राग येतो. आत्याला कधी आला नाही. ती म्हणायची, "चूक माझी होती गं, त्यांची कुठे?"

छापील यादी घेऊन आत्या स्वतःच त्या मुलीला शोधत गेली. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करत होती. पहिलं गाणं चाललं नाही, असं सांगून कंपनीने तिचं दुसरं काढलंच नव्हतं. तिने मशीन बंद केलं, आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि यादीवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. आत्या चार शिव्या खायच्या तयारीनेच उभी होती.

"चौथी?" मुलगी म्हणाली. "आणि मीच घरी सगळ्यांना सांगत होते, की मला गाता येत नाही."