भिंगातला खंडोबा

तांब्याची घागर चिंचेने घासायला घेतली, की त्या आंबूस वासाने मला चिखलीतलं वर्कशॉप आठवतं. तिथे कंपन्यांच्या नेमप्लेट अ‍ॅसिडने कोरल्या जायच्या आणि मी त्या भिंगातून तपासायचे. आमच्या म्हाताऱ्या कारागीर चाचांनी जेवणाच्या सुट्टीत बसून माझ्या देवघरासाठी तळहाताएवढ्या पत्र्यावर खंडोबा कोरला होता. घोड्याच्या आयाळीचा केसन् केस वेगळा होता, म्हाळसेच्या नथीतले मोती मोजता येत होते, कुत्र्याच्या कानावरसुद्धा लव होती. “एवढं बारीक कोण बघतंय? मशीन दोन मिनिटांत करतं,” म्हणत मालकांनी तो नीट न बघताच भंगारात टाकला. चाचांनी मान खाली घातली. मी पत्रा उचलला, पदराने पुसला आणि भिंगासकट मालकांपुढे ठेवला. “आधी बघा, मग बोला.” “कामाला लागा.” “तुम्ही बघितल्याशिवाय मी जागेवर बसणार नाही.” सगळ्यांचे हात थांबले. मालक वाकले आणि बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” “नाही येत,” मी म्हणाले, “पण तुम्ही बघितलंत.” चाचांना वाकून नमस्कार केला आणि खंडोबाला घेऊन भर दुपारी घरी चालत आले. त्या नोकरीची हळहळ मला आजही वाटत नाही.