एका घोटापुरती मामी

मामाच्या तोंडात कायम खिळे असायचे. सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचं त्याचं काम. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात ताणून धरलेलं कापड, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचे. ही सवय इतकी मुरली होती की घरात भांडतानाही तो खिळ्यांसकट भांडायचा. मामी म्हणायची, "आधी तोंडातले खिळे काढा, मग भांडा. निम्मं भांडण मला कळतच नाही, आणि न कळता हरायला मी काही रिकामी बसलेली नाही."

दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना. खाली जुन्या स्पंजचा आणि सरसाचा वास. सोफा उघडला की त्याच्या पोटातून काहीतरी निघायचंच. कंगवा, किल्ल्या, बाळाचा एक मोजा, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. मामा ते सगळं पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत करायचा. "हरवत काही नाही," तो म्हणायचा, "आत सरकतं. शिवण उसवली की सापडतं." धंद्याने त्याला एवढंच तत्त्वज्ञान शिकवलं होतं, आणि शेवटी तेच त्याच्या मुळावर आलं.

एका दुपारी मामीने जिन्यातून हाक मारून विचारलं, वर बसलेले पाहुणे जाणार कधी? वर कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती रिकाम्या खुर्चीशी वाद घालायला लागली. पोटच्या मुलीचं नाव तिला आठवेना. अंगात ताप नाही, हातपाय नीट चालत होते. मामाला वाटलं, आटोपलं सगळं. डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी लघवी तपासून आणायला सांगितली, आणि तिच्यात संसर्ग निघाला.

"या वयात असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "जळजळ नाही, ताप नाही, एकदम माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं. गोळ्या पूर्ण द्या. येतील त्या ताळ्यावर."

काही दिवसांनी मामा चहासाठी वर गेला, तर मामीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चहा खिळ्यांबरोबर पिणार आहात का?" मामा तसाच मागे फिरून जिन्यात बसला आणि रडला. विचारलं तर म्हणायचा, सरस गेला होता डोळ्यात.

पुढे पुन्हा एकदा तसंच झालं. पुन्हा पाहुणे, पुन्हा गोळ्या, पुन्हा मामी जाग्यावर. त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी क्रॅनबेरीच्या रसाचं नाव काढलं.

"हे औषध नाही हं. झालेला संसर्ग याने जात नाही, त्याला गोळ्याच हव्यात. पण ज्यांना पुन्हा पुन्हा होतो त्यांच्यात तो थोडा कमी होऊ शकतो. जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात ना, या फळातलं काहीतरी त्यांना चिकटू देत नाही. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. बिनसाखरेचा घ्या, आणि पाणी भरपूर. रक्त पातळ करायची गोळी चालू असती तर मी जपूनच सांगितलं असतं."

अस्तर आणि चिकटणं, दोन्ही मामाच्या रोजच्या कामातले शब्द. त्याला पटायला वेळ लागला नाही.

रसाचा रंग गडद लाल होता, मामाने कधीकाळी एका नाटकगृहाच्या खुर्च्यांना लावलेल्या मखमलीसारखा. पहिला घोट घेताच मामीचा डावा डोळा मिटला, एक खांदा कानापर्यंत गेला. "एवढं आंबट तर माझ्या सासूचं तोंडही नव्हतं," ती म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी तेच. डोळा मिटायचा, खांदा उडायचा आणि एक टोमणा यायचा. कधी सासू, कधी नणंद, म्हणजे माझी आई, कधी खुद्द मामा. तो समोर उभा राहून टोमण्याची वाट बघायचा.

वर्षभर संसर्ग फिरकला नाही. मग मामाला कंठ फुटला. खुर्चीचा पाय बसवून न्यायला आलेल्या माणसालाही तो रसाचे गुण ऐकवायचा. बाटलीवरची बारीक अक्षरं त्याला पाठ झाली होती. क जीवनसत्त्व, हृदयाला बरा, हिरड्यांना बरा. जिथे अक्षरं संपायची तिथून पुढचं तो पदरचं सांगायचा. औषधवाला म्हणायचा, "मामा, तुम्ही एक दिवस मोडक्या स्टुलालाही पाजाल हा रस."

आणि मग मामी हळूहळू विसरायला लागली. या खेपेला एका दुपारीत नाही. रिकामं पातेलं गॅसवर तापत राहायचं. तोच प्रश्न चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. जिना उतरून खाली यायची आणि आपण कशाला आलो ते न कळून कापडाच्या गठ्ठ्यावर हात फिरवत उभी राहायची.

"बाबा, हे वेगळं आहे," मुलगी म्हणाली. "आईला दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या."

"वेगळं काही नाही. जंतू आलेत परत. दोनदा आले, दोनदा हाकलले."

त्याने सकाळच्या पेल्याला संध्याकाळच्या पेल्याची जोड दिली, मग दुपारच्याही. मामीचं पोट बिघडलं. "मला काय कुंडीतलं झाड समजलात?" ती म्हणाली. हा तिचा टोमणा ऐकून मामाला केवढा हुरूप आला. बघा, आहे ती आत.

मामीच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी त्याच्याबरोबर गेलो. खिडकीपाशी रांग होती. रांगेतला प्रत्येक जण आपलं काही निघू नये म्हणून मनात पुटपुटत असणार. मामा तेवढा काहीतरी निघावं म्हणून उभा होता.

खिडकीतली मुलगी हसून म्हणाली, "काही नाही काका. एकदम स्वच्छ."

"जंतू?"

"नाहीत. वाढवून पाहिले, काहीच वाढलं नाही."

"पुन्हा बघा ना. असतील थोडे. कुठेतरी अस्तराला."

मागचा माणूस म्हणाला, "अहो, नशीब काढलंत. सरका आता."

मामा सरकला. रिपोर्टची त्याने आधी एक घडी घातली, मग आणखी एक, इतकी की त्याचा चौकोनी गोळा झाला.

डॉक्टरीणबाईंनी तो गोळा उलगडून वाचला. मामीला त्यांनी आधीच तपासलं होतं. हे संसर्गाचं विसरणं नव्हे, त्या म्हणाल्या. हे हळू येतं आणि जे नेतं ते परत आणून देत नाही. पुढच्या तपासण्या करू, पण मनाची तयारी ठेवा.

मामाने विचारलं, "जंतू चिकटू नयेत म्हणून रस. आणि बाकीचं चिकटून राहावं म्हणून काय?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "रस द्या हवा तर. एकच पेला."

तो देत राहिला, पण आता जंतूंसाठी नाही. दिवसभर मामी कुणी अनोळखी बाई असायची, शांत, आज्ञाधारक, खिडकीशी बसलेली. सकाळी पेला ओठाला लागला की डावा डोळा मिटायचा आणि खांदा उडायचा. टोमणे बंद झाले होते, पण खांदा तोच होता. मामा तेवढ्यासाठी जिना चढायचा. बाटली संपत आली की कासावीस व्हायचा, औषधवाल्याला आधीच बजावून ठेवायचा.

एका सकाळी मी वर होतो. मामीने पेला घेतला आणि सावकाश सगळा रिकामा केला. डोळा मिटला नाही. खांदा जिथल्या तिथे. तिने पदराने ओठ टिपले आणि मामाला म्हणाली, "छान आहे हो. तुमच्या घरचं का?"

मामाने सांगितलं, "हो. आमच्या घरचं."

"बायको कशी आहे तुमची?"

"कडक आहे. तोंडात खिळे ठेवून बोललेलं तिला चालत नाही."

"बरोबर आहे तिचं," मामी म्हणाली, आणि पाहुण्यासाठी हसावं तशी हसली.

मामा खाली गेला. खिळ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला. हातोडीचा मात्र आला नाही. मी पेला विसळायला घेतला. तळाशी थोडा रस राहिला होता, तो चाखून पाहिला. माझा डोळा आपोआप मिटला.