दोनदा आणि तिसऱ्या खणातली डिस्क

आमच्या वस्तीत त्याला दोनदा म्हणतात. कुलूप लावलं की तो ते दोनदा ओढून बघतो, पत्ता दोनदा विचारतो, स्क्रू घट्ट बसला तरी परत एकदा फिरवून बघतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी कारखान्यात लेथवर होता. माप दोनदा घेतल्याशिवाय धातूला हत्यार लावायचं नाही, अशी तिथली शिस्त. कारखाना बंद पडला, शिस्त अंगात राहिली.

त्याच्याबद्दल लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, माहीत नाही. लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याचं बरोबर लिहिलंय. स्वतःचं जरा कमी लिहिलंय." म्हणून आता सगळंच लिहितो.

माझी बायको सव्वीस वर्षं अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवत होती. प्रत्येक मुलाचं पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसाचं बोलणं ती टेप करून ठेवायची. निवृत्त झाल्यावर मी दोन वर्षं खपून त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या. आता ते सगळं मागच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत होतं. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, चार खणांची, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. आमच्या मुलीने बसवून दिलेला घरचा सर्व्हर. इंटरनेटवरही एक प्रत ठेवा, असं तिने चारदा सांगितलं होतं. आपले कपडे दुसऱ्याच्या कपाटात कशाला, असं म्हणून मी ते टाळलं.

महिनाअखेरीला शिक्षकांना तयार करणारी एक संस्था या सगळ्याची प्रत न्यायला येणार होती. बायको रोज सकाळी बसून मुलांची यादी करत होती. आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या खणाचा दिवा लाल झाला.

साडूंनी दोनदाचं नाव सुचवलं. साडूंनी सुचवलेला नळवालाही मला आठवत होता, त्यामुळे मी सुरुवातीपासूनच डोळ्यात तेल घालून बसलो.

तो सकाळी आला. चप्पल दाराबाहेर काढली, दार लागलंय का ते बघितलं, परत एकदा बघितलं. पेटीपुढे मांडी घालून म्हणाला, "काका, चारातली एक गेली तर बाकीच्या तिघी मिळून तिचं ओझं उचलतात. दुसरी गेली की खेळ खलास. चौघीही सात वर्षांच्या म्हाताऱ्या. सगळ्याच बदलू, पण एकावेळी एक. नवी घातली की तिघी तिला सगळं शिकवतात. त्याला एक दिवस लागतो. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"म्हणजे चार दिवस?" मी विचारलं.

"चार. घाई असेल तर दुसरा माणूस बघा."

एका दिवसाच्या कामाला चार दिवस. मनात पाल चुकचुकली. त्यात नव्या डिस्कचं पाकीट आधीच फोडलेलं होतं. त्याने ती बसवायला घेतली तेव्हा चष्मा पुसायच्या निमित्ताने मी जवळ गेलो. स्क्रूच्या भोकापाशी बारीक ओरखडा दिसला. नव्या वस्तूवर? आणि निघताना त्याने जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घातली.

विचारायला हवं होतं. पण तोंडावर विचारणं मला आयुष्यात जमलं नाही. मी "चहा घ्या" म्हणालो, तो "नको" म्हणाला आणि गेला.

दुपारी बायको पाठ टेकायला आत गेली. मी पेटीपुढे खुर्ची ओढून बसलो. वापरलेली डिस्क नवी म्हणून घातली असेल, तर ओरखडा जुन्या डिस्कवरच्या ओरखड्यासारखाच असणार. जुनी तो घेऊन गेला. पण दुसऱ्या खणात अजून जुनीच होती. फक्त दोन मिनिटं काढून बघू, असा विचार केला. खणाची कडी दाबली आणि डिस्क बाहेर ओढली.

पेटी किंचाळायला लागली.

मी डिस्क परत ढकलली. आवाज थांबेना. चारही दिवे केशरी झाले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी पेटीवर उशी ठेवली.

आतून बायको म्हणाली, "अहो, काय वाजतंय?"

"भरतंय."

"भरताना वाजतं?"

"नवीन आहे ना!"

पाच मिनिटांनी आवाज आपोआप बंद पडला, पण दिवे तसेच राहिले. मी तिथेच बसून राहिलो. बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात दोनदा. "उद्याच येणार होतो," म्हणाला, "पण म्हटलं परत एकदा बघून जावं." पेटीपुढे बसला आणि केशरी दिवे एकेक करून बघितले. उशी बाजूला पडली होती, तिच्याकडेही त्याने बघितलं.

"लाइट गेली होती का?"

"नाही हो," बायको म्हणाली.

"कोणी हात लावला?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "काका, नीट ऐका. डिस्क आपोआप मेली असेल तर एक उपाय. कोणी ओढून परत लावली असेल तर वेगळा उपाय. यातला चुकीचा केला तर बाईंची सगळी मुलं पुसली जातील. मला कळल्याशिवाय मी बटणाला बोट लावणार नाही. बसतो इथेच."

बायको माझ्याकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या तर तोंडावरच पडलं असणार.

"मी ओढली," मी म्हणालो. "दुसऱ्या खणातली."

बायको रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "किती वेळ बाहेर होती, ते सांगा त्यांना."

"दोन मिनिटंही नसेल."

"त्याच खणात परत घातली?"

"त्याच."

"का ओढली?"

मग ओरखडा, फोडलेलं पाकीट, पिशवीतली जुनी डिस्क, सगळं बाहेर आलं. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "नवी डिस्क मी घरी दोन दिवस माझ्या मशीनला लावून तपासतो," म्हणाला. "मरायची असेल तर बहुतेक सुरुवातीलाच मरते, नाहीतर वर्षानुवर्षं चालते. कंपनीवर माझा भरवसा नाही. दुकानदारावर नाही. ओरखडा माझ्या स्क्रूचा."

"आणि जुनी?"

त्याने पिशवीतून फडकं काढलं. "हिचा दिवा लाल झाला, पण ही अजून थोडीफार वाचते. दुसरी मेलीच असती, तर हाच शेवटचा आधार. गिऱ्हाइकाच्या घरी ठेवली की कोणीतरी उचलून बघतं."

बायको पहिल्यांदा हसली. मी जमिनीकडे बघितलं.

त्याने पेटी बंद केली, स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि डिस्कांवर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल, अशा बेताने पेटी पुन्हा चालू केली. तो पडद्याकडे बघत होता, मी त्याच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ त्यावर काहीच दिसेना.

"बाई, एखादं नाव सांगा."

बायकोने यादीतलं एक नाव सांगितलं. मागच्या खोलीत सहा वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "ट... ट... ट्रॅक्टर!" आणि मागून माझ्या बायकोचा तरुण आवाज, "शाबास! घाई नाही."

"परत एकदा लावतो," दोनदा म्हणाला.

मग त्याने वेगवेगळ्या वर्षांतले आणखी दहा आवाज काढून बघितले. सगळे होते. पण नवी डिस्क भरायला त्याने लगेच घेतली नाही. आधी सगळ्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतली, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत-जात राहिला. पुढचे चार दिवस एकेक डिस्क बदलली. त्या चार दिवसांत मी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बायकोने मला यादीच्या कामाला लावलं होतं. महिनाअखेरीला संस्थेचे लोक आले आणि प्रत घेऊन गेले.

राहिली ती वेगळी डिस्क. दोनदा म्हणाला, "ही या घरात ठेवू नका. आग लागली, चोर आला तर दोन्ही एकदम जातील. दुसरं घर शोधा."

मी साडूंचा विचार केला. मग नळवाला आठवला. "तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणालो.

तो चपापला. "काका, एवढा विश्वास बरा नव्हे." मग त्याने जाड पाकीट मागितलं, डिस्क आत घातली, तोंड चिकटवलं आणि जोडावर बायकोला आडवी सही करायला सांगितली.

"कशाला हो?" ती म्हणाली.

"मी उघडलं की नाही, ते काकांना कळायला."

दर तीन महिन्यांनी तो पाकीट घेऊन येतो. आधी मी भिंग लावून सही बघतो. मग पाकीट फोडून तो डिस्क चालू करतो, दहा आवाज ऐकवतो आणि नव्या पाकिटावर नवी सही घेतो. आता तो चहाही घेतो. मागच्या खेपेला मी नुसती नजर टाकून "ठीक आहे" म्हणालो, तर त्याने कप खाली ठेवला.

"काका, भिंग कुठंय? घेऊन या. परत एकदा बघा."