माझा घाबरट वकील

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की नामपल्लीच्या फौजदारी कोर्टातला सर्वांत घाबरट वकील माझा वकील होता. उभं राहण्याआधी तो उजव्या हाताने डावं मनगट दाबून धरायचा, थरथरू नये म्हणून. मग दोन्ही हात थरथरायचे.

मूळचा नांदेडकडचा, राहायला जामबागेत. लिफ्टला भ्यायचा, कबुतरांना भ्यायचा, न्यायाधीशांच्या शिंकेलाही भ्यायचा. "भीती वाटतेय ना? मग मुद्दा बरोबर आहे," म्हणायचा.

असा वकील कोण करतो, असं तुम्ही विचाराल. सुलतान बाजारातल्या माझ्या औषधाच्या दुकानातून पोलिसांनी नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या उचलल्या, सोबत मलाही उचललं. बाकीच्या वकिलांनी फोन उचलला नाही.

गोळी नशेच्या पदार्थांच्या सरकारी यादीत नव्हतीच. पण अत्तर लावणारा, गोड गळ्याचा सरकारी वकील म्हणाला, "यादीत घालायचा अधिकार सरकारने आमच्याच ऑफिसला दिलाय. आम्ही घातली."

पोरीच्या लग्नात मी तुरुंगाच्या जाळीतून अक्षता टाकतोय, असं दिसू लागलं.

माझा वकील उठला. मनगट धरलं. "साहेब, मला यांची फार भीती वाटते."

कोर्ट हसलं.

"संसदेने हा अधिकार सरकारला दिला. सरकारने तो परस्पर यांच्या हातात ठेवला. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचं ते हेच ठरवणार आणि खटलाही हेच चालवणार. उद्या यांचं डोकं फिरलं तर इराणी चहा यादीत जाईल. घटनेत हे बसत नाही."

"ते ठीक, पण तुम्ही एवढे थरथरता का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बाकीचे का थरथरत नाहीत, तेच कळत नाही साहेब."

न्यायाधीशांनी मुद्दा मान्य केला, गोळी यादीतून काढायला लावली. मी सुटलो.

बाहेर तो पायरीवरच बसला, छातीवर हात ठेवून. मी म्हटलं, "दुकानातून एखादी गोळी आणू?"

"तुझी गोळी नक्को रे बाबा."

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. झोपेत, बहुधा पहिल्यांदाच न घाबरता. वकिलांच्या खोलीत शोकसभा झाली. त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी तोच सरकारी वकील बसला होता, जन्मभर त्याला 'डरपोक मियाँ' म्हणून चिडवणारा. दोन मिनिटांची शांतता चालू असताना, सगळ्यांच्या माना खाली असताना, तो एकदम मोठ्याने बोलून गेला,

"अब मेरेकू रोकता कौन?"