हळदीला होता, पण विचारणार कोण

बुधाजीला नेला तेव्हा तो जेवत होता. बायकोनं, वेणूनं नुकतीच दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली होती. दारात पोलीस उभे राहिले. "चौकशी आहे, लगेच परत येशील," म्हणाले. त्यानं हात धुतले, सदरा चढवला आणि गेला. दोन दिवसांनी कळलं, त्याला नाशिकच्या तुरुंगात धाडलाय.

साल सत्त्याऐंशी. घर कुळगावचं, शेतीवर जगणारं. पण बुधाजी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागला होता. ॲसिडनं एक कामगार भाजला, संप झाला, आणि गेटवरच्या सभेत बुधाजी दोन शब्द जास्तच बोलला. पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी कंपनीच्या गोदामाला आग लागली. त्या संध्याकाळी बुधाजी वेणूच्या बहिणीच्या हळदीत, भर मांडवात नाचत होता. अख्ख्या गावानं पाहिला होता. म्हणून वेणूला सुरुवातीला धीर होता.

उल्हासनगरच्या दिनानाथ वकिलांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"वेणूबाई, साक्षीदार खटल्यात लागतात. हा खटलाच नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावलाय. त्यानं काही केलं म्हणून नव्हे, बाहेर राहिला तर करील म्हणून आत ठेवलाय."

"करंल ते कुनाला दिसलं?"

"वरच्या साहेबांना तसं वाटलं. तेवढं पुरतं."

पुढे अशा अटका तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची सुनावणी निघाली. तिथं वकिलाला बोलता येत नाही, पण ओळखीचं एखादं माणूस सोबत उभं राहू शकतं, असं दिनानाथांनी सांगितलं. वेणूनं थोरल्या दिराला, हरिचंद्रला गळ घातली.

"माझी नोकरी सरकारी हाय, वेणू. उद्या माझं नाव त्याच्यात आलं तं दोन्ही चुली इझतील."

मग ती एकटीच मुंबईला गेली. टेबलापलीकडे तीन वयस्क गृहस्थ बसले होते. बुधाजीला आत आणलं. दाढी वाढलेली, नजर जमिनीला. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"यानं आग लावायला चिथावलं, असं सांगणारे लोक आहेत," एकजण म्हणाले.

"कोन? त्यांना माझ्याम्होरं आना."

"नावं सांगता येत नाहीत, बाई."

तिनं हळदीचं सांगितलं, मांडव कुठं होता ते सांगितलं, कोण कोण होतं तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं. कोणी तिला दरडावलं नाही. काही दिवसांनी निरोप आला, अटकेचा हुकूम कायम. कारण कळवलं नव्हतं.

घरी सासू, कौसाबाई, अंथरुणाला खिळली होती. रोज विचारायची, "काय केलं गो त्यानं?" चोरी केली, मारामारी केली, असं काही असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. श्रावणात म्हातारी गेली. बुधाजीची तुरुंगातून यायची रजा मंजूर होईस्तोवर दहावंही उरकलं.

दिनानाथांनी हायकोर्टात अर्ज टाकला होता. त्यावर अखेर निकाल लागला आणि बुधाजी सुटला. वेणूनं विचारलं, "म्हंजे त्यानं काय केलं नाय, असं लिवलंय ना?"

वकील अवघडले. "तसं नाही. अटकेची कारणं त्याला इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नाही. म्हणून हुकूम रद्द झाला. त्यानं केलं की नाही, त्यात कोर्ट शिरलंच नाही."

कंपनीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. गावानंही मधली वाट धरली. कोणी वाईट बोलेना, पण सोयरीक जुळवताना त्या घराचं नाव गळायचं. आणि ज्या हळदीत तो नाचला होता, तिथलीच माणसं म्हणू लागली, "काईतरी असंल. उगाच कोन नेतंय?"

बुधाजी शेतात राबायचा. सभेला, भांडणाला, कुणाच्या मधे पडायला गेला नाही. त्र्याण्णवच्या दंगलीत, आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीआधी, शिपाई यायचा. सोबत कसला कागद नसायचा. "साहेबांनी बसायला बोलावलंय," एवढंच म्हणायचा. बुधाजी काही न विचारता पायात चपला सरकवायचा आणि संध्याकाळपर्यंत चौकीतल्या बाकावर बसून परत यायचा.

एकदा वेणू न राहवून म्हणाली, "इचारा तरी, कशाला बोलावतात."

"इचारलं की राग येतो त्यांना," तो म्हणाला, आणि बैलांना पेंढा घालायला गोठ्याकडे गेला.